डाग

शाहापुरात, आणवेकर मामांच्या गादीला लागून
माझं दीड खणाचं दुकान.
जुनी नाणी, भिंग, बोटभर काटा,
आणि खाकी पाकिटं, प्रत्येकावर चार ओळी:
साल, टांकसाळ, वजन, स्थिती.
पहिल्या तिन्हींत मी कधी अडलो नाही.

मंगळवारी रत्नव्वा आली, हुक्केरीकडची.
पिशवीत डबी, डबीत घोंगडीचा तुकडा,
तुकड्यात दोन रुपये.
एकोणीसशे सातचे दोन्ही,
बोडक्या राजाचे.

एक नातवानं घासलेला.
टूथपेस्ट, जुना ब्रश,
परीक्षा संपल्यावरची मोकळी दुपार.
"आज्जी, बघ कसा नवा केला."
नवा झाला खरा.
राजाच्या गालावर आरशाचा उजेड,
आणि भिंगाखाली त्या उजेडात
शेकडो बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेचे.
दाढीत केस कोरलेले होते, ते गेले.

दुसऱ्याची पाळी यायच्या आत
पोराला कुणी जेवायला हाक मारली.
म्हणून तो वाचला.

तो मी दाराशी नेऊन तिरपा धरला.
कडेला निळा, दौतीच्या तळाशी वाळलेल्या शाईचा.
आत वांग्याचा जांभळा, मग कोकम,
मग मधाची एक बारीक कड,
आणि मधोमध, चवलीएवढी,
उरलेली चांदी.
लोकरीतला गंधक
आजेसासऱ्याच्या काळापासून चाटतोय तिला.
तसा रंग नाहीच तो.
केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा थर,
त्यात शिरून उजेड चकतो, एवढंच.

"काय बघूलालाय एवढं?" रत्नव्वा म्हणाली.

कोल्हापूरचा पोरवाल फोनवर ओरडला,
बोट लावू नका, चांदीच्या पाचपट देतो.
हुबळीचा हंपण्णवर म्हणाला,
आजारी माल आहे, निम्म्यात देत असाल तर पाठवा.
दोघांना मी एकच फोटो पाठवला होता.

पाकिटावर साल लिहिलं. टांकसाळ लिहिली.
अकरा ग्रॅम बासष्ट.
चौथ्या ओळीवर पेन उभं राहिलं.

मामा पलीकडे पाटलीचा सांधा जोडत होते.
फुंकणी ओठापासून काढून म्हणाले,
"डाग लिही की."
कुठला डाग, मामा?
तुम्ही आत्ता पाटलीला देताय तो?
की लेकीच्या लग्नात चार डाग घातले म्हणतात, तो?
की परटाकडून आलेल्या धोतरावरचा?
मामांनी फुंकणी परत ओठाला लावली.

"आमच्यात कले म्हणतात," रत्नव्वा म्हणाली.
मी समोर बघितलं.
क्लासचा फ्लेक्स, वर कानडी मोठ्या अक्षरात,
खाली मराठी, जागा उरली तेवढ्यात.
चित्रकला शिकवतात तिथं.
कानडीत तिच्या शेवटी तोच शब्द,
डागाचा.

"मग किती सांगूलालाय?"

खरं ते सांगितलं.
घासलेल्याचे चांदीचे पैसे.
ह्याचे आज त्याहून बरेच जास्त.
पण हे इथंच थांबत नाही, मावशी.
निळ्यानंतर हिरवट येतो, मग काळा,
आणि काळ्यानंतर काही येत नाही.
तेव्हा हंपण्णवर खरा ठरेल.

"किती वर्षांनी?"
हवेवर आहे.
"मग हाय की वेळ."

घासलेला तिनं देऊन टाकला,
त्याच पैशांत घासणाऱ्याला बूट घेणार म्हणाली.
दुसरा घोंगडीत गुंडाळू लागली.
मी म्हणालो, लोकरीत नको,
ही प्लॅस्टिकची डबी न्या, हवाच लागत नाही.
तिनं डबी उघडून बघितली, मिटून बघितली.
"घुसमटंल की ओ,"
असं म्हणून माझी मला परत दिली.

पाकीट अजून गल्ल्याजवळ पडून आहे,
तीन ओळी भरलेलं.
ह्या खाकी कागदातही गंधक असतो थोडा.
गिऱ्हाइकांना मी ते सांगत नाही.